आधी हिला

१९८८ साली चर्चच्या सेवेसाठी टांझानियातल्या एका खेड्यात गेलेली रूथ तापाने अर्धी होऊन ठाण्याला परतली. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. "तुझ्या हातून तिथे किती जीव वाचले, ते मंडळींना सांग, बाळ." रूथने मान खाली घातली. पोरगी लाजतेय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना रिक्षा नौपाड्यात शिरली, तेव्हा कुठे ती आईशी बोलली. "मी कुणाला वाचवलं नाही गं. मी नेमा नावाच्या बाईकडे राहायचे. मला आणि तिच्या मुलाला एकदमच मलेरिया झाला. आम्ही नेलेली औषधं संपत आलेली. क्विनाइन एकालाच पुरेल एवढं उरलं होतं. आमच्याबरोबरची नर्स मुलाकडे वळली, तर नेमानेच तिचा हात धरला. म्हणाली, आधी हिला द्या. हिची आई लांब आहे, तिला मी काय सांगू?"

"आणि मुलगा?"

"शहरातून औषध येईपर्यंत तो गेला. मी शुद्धीवर आले तेव्हा नेमाच माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. हे सगळं मला नंतर नर्सने सांगितलं."

रोजच्या प्रार्थनेत आईने एवढंच मागितलं होतं, माझी पोर सुखरूप परत येऊ दे.

मग तिने हळूच विचारलं, "तिला अजून मुलं असतील ना गं?"

"नाही आई," रूथ म्हणाली. "तो एकच होता."