पोचलो, माउली

स्वप्नालीला पाहायला आळंदीचे कीर्तनकारबुवा मुलाला घेऊन आले होते. बुवांना फोटो दाखवताना तिच्या वडिलांच्या, हिंदुरावांच्या मोबाइलवर निरोप झळकला. ‘शनिवार बिअर मंडळ: ॲडमिनसाहेब, आज बसायचं ना?’

“गळ्यात माळ, अन् हे काय राव?” बुवांनी विचारलं.

स्थळ गेल्यातच जमा होतं.

स्वप्नालीनं मोबाइल घेऊन ग्रुपच उघडला. “वाचा ना. बाबांच्या कंपनीतली ही गाव सोडून आलेली माणसं बिअरच्या निमित्तानं मनातलं बोलतात. बाबा सोडा पितात, एकेकाला रिक्षात बसवतात.”

दर शनिवारी आठ जणांचा एकच निरोप होता: ‘पोचलो, माउली.’

“आठवा निरोप येईस्तोवर बाबा झोपत नाहीत.”

बुवा मुलाकडे वळले. “कीर्तन संपेस्तोवर आपला वीणेकरी खाली बसत नाही, रविराज. तसा सासरा मिळतोय तुला.”