उणिवांचा रकाना

"लेखिकेचं उत्तर आलंय," संपादिका फाईल उघडत म्हणाली. "तुमच्या एकेका मुद्द्याला. बसा, वाचून दाखवते."

परीक्षक बसले. अभिप्राय देऊन त्यांना आठ दिवस झाले होते. छापील नमुन्यात दोन रकाने असायचे. 'जमेच्या बाजू'खाली त्यांनी एकच ओळ खरडली होती : भाषा ओघवती. 'उणिवा' मात्र रकान्यात मावल्या नाहीत, मागे दोन कागद जोडावे लागले. तीस वर्षं प्रेमकादंबऱ्या तपासल्या, पण एवढा तोल कधी गेला नव्हता.

लेखिका कोण हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षक कोण हे लेखिकेला, असा या प्रकाशनाचा दंडक. इथं तर संपादिकेलाही टोपणनावापलीकडे काही ठाऊक नव्हतं. परीक्षकांना मात्र अकराव्या पानावरच कळलं. नायिकेच्या स्वयंपाकघरातली खिडकीची कडी मोडलेली होती आणि ती पायजम्याच्या जुन्या नाडीनं बांधली होती. ती गाठ त्यांनी स्वतः मारली होती.

आपली बायको लिहिते, हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि लिहिलं ते काय, तर लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या माणसावर जीव टाकणाऱ्या बाईविषयी! तो मेला दर भेटीत तिला विचारतो, "टाच कशी आहे आज?" परीक्षकांनी त्याच संध्याकाळी चोरून पाहिलं. बायको खरंच एक टाच उचलून चालत होती. जे नवऱ्याला दिसलं नाही ते त्याला कसं दिसलं? तेव्हापासून त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. इमारतीत लिफ्टवाला आला की ते काहीतरी निमित्त काढून जिन्यात पहाऱ्याला उभे राहत. माणूस साठीचा, टकला, ढेरपोट्या. पण प्रेम आंधळं असतं म्हणतात, काय भरवसा! घरात मात्र त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"मुद्दा पहिला," संपादिका वाचू लागली. "'नायक खोटा वाटतो. बाईची एवढी विचारपूस करणारा पुरुष जगात नसतो.' त्यावर लेखिका म्हणते, 'मान्य. मीही पाहिलेला नाही. सगळा मनानंच रचलाय.'"

परीक्षकांचा जीव भांड्यात पडला.

"मनानंच? असंच लिहिलंय?"

"हे काय, बघा ना."

त्यांनी पाहिलं. दोनदा पाहिलं. बिचारा लिफ्टवाला! उगाच आठ दिवस त्याला पाण्यात पाहिलं. त्यांना एकदम हसू फुटलं.

"मग छापा की," ते उदारपणे म्हणाले. "कादंबरी तशी वाईट नाही. मीच जरा कडक लिहिलं."

"थांबा हो, शेवटचा मुद्दा राहिलाय. 'नवऱ्याचं पात्र कच्चं आहे. दोनशे पानांत त्याच्या तोंडी जेमतेम तीन वाक्यं. त्याची बाजू वाचकाला कळतच नाही.' हे मलाही पटलं बरं का." तिनं पान उलटलं. "लेखिका म्हणते, 'हा भाग मी चार वेळा लिहून पाहिला. नवरा बायकोशी आणखी काय बोलत असेल, मला खरंच सुचत नाही. परीक्षक अनुभवी दिसतात. त्यांनीच एखादं वाक्य सुचवावं, जसंच्या तसं घालीन.'"

संपादिकेनं पेनाचं टोपण काढलं.

"सांगा. मी लिहून घेते."

परीक्षकांनी घसा खाकरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

तिनं कोऱ्या कागदावर 'नवरा' असं लिहिलं, पुढे अवतरणचिन्ह उघडलं आणि ती थांबली.