टेकाडाखाली

"कोंबड्या देऊन टाकल्यात म्हणे?" चढावर सायलसने विचारलं.

"विनिफ्रेडला दिल्या. आता झेपत नाहीत मला," हेस्टर म्हणाली.

"परवापर्यंत तर माझ्या पुढे चालायचात!"

ती हसली नाही. खडूच्या दगडाची पांढरी वाट बुटांखाली करकरत होती. वर चंडोल गात होते, गवतात निळी फुलपाखरं भिरभिरत होती. एरवी हेस्टर ती थांबून बघायची. आज तिची नजर माथ्यावर पूर्वी कुणी रचलेल्या मातीच्या टेकाडावर खिळली होती.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा मॉरिस जानेवारीच्या धुक्यात या डोंगरावर फिरायला गेला, तो परतलाच नाही. तो दारू पिऊन हात उगारायचा, हे गावाला ठाऊक होतं. तरी हेस्टर दर रविवारी त्याला शोधायला वर यायची आणि डोंगराचा राखणदार सायलस तिला सोबत करायचा. दमली की ती टेकाडापाशी बसायची. असल्या नवऱ्यासाठीही बाई किती झुरते, असं लोक म्हणायचे.

यंदा मार्चमध्ये बिळं करणाऱ्या बिज्जूंनी ते टेकाड पोखरलं. बिळातून माणसाच्या मांडीचं हाड बाहेर आलं. आधी पोलीस आले, मग हाड फार जुनं निघाल्यावर कुदळी आणि कुंचले घेऊन विद्यापीठाची माणसं.

तेव्हापासून हेस्टर धड जेवली नव्हती. तिने कपाटं आवरली, घराची किल्ली बहिणीकडे, विनिफ्रेडकडे पाठवली.

"मॉरिस सापडला तर गं?" विनिफ्रेडने भीतभीत विचारलं होतं.

"तर एकदाचं संपेल सगळं," हेस्टर म्हणाली होती.

माथ्यावर खोदकामाची प्रमुख इमोजेन वाटच बघत होती.

"बसा आधी," ती म्हणाली. "टेकाड तळापर्यंत उघडलं आम्ही. एक बाई आहे, तिच्या कुशीत लहान मूल. साडेतीन हजार वर्षं तरी झाली असतील. तुमचे मिस्टर तिथे नाहीत. काय बोलू, कळत नाही."

हेस्टर गवतातच बसली. इमोजेनने तिला पाणी दिलं, खांदा थोपटला आणि ती खड्ड्याकडे परत गेली.

खालच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या.

"दोनच?" शेवटी हेस्टरने विचारलं. "सगळीकडे बघितलं असेल ना त्यांनी? पूर्वेच्या अंगाला? अगदी कडेला?"

सायलसने आजूबाजूला पाहिलं आणि तो तिच्याशेजारी बसला.

"दोनच, हेस्टरबाई. तिसरा मी त्या जानेवारीतच हलवला होता."