डोक्यातले ह्ये

"काकू, डोक्यात कोंडा फार झालाय हो," अंगणात पाटावर न्हायला बसलेली समीक्षा म्हणाली, आणि लीलाबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच अधांतरी राहिला.

त्यांनी पदर डोक्यावर ओढला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. समीक्षाला वाटलं, आपण काहीतरी भलतंच बोललो. दारात मेथी निवडत बसलेली सून शुभांगी मात्र खुदकन हसली.

"अगं बाई, आमच्या मामंजींचं नाव कोंडाजी. पोर जगावं म्हनून जन्मल्या जन्मल्या कोंड्यात लोळवलं, म्हनून कोंडाजी. आत्याबाईंनी उभ्या जन्मात ते नाव घेतलं न्हाई. गव्हाच्या कोंड्याला पन त्या भुसा म्हनत्यात!"

"पण काका तर आता..." समीक्षा अडखळली. कोंडाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. ओसरीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता.

"मग?" लीलाबाई फणकारल्या. "मानूस गेला म्हंजी नाव घ्यायला मोकळी झाले व्हय मी? आन तू, मुकाट्यानं मान खाली घाल."

समीक्षाने मान खाली घातली.

जांबे गावातल्या त्या घराच्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. हिंगोलीहून हिंजवडीत नोकरीला आली आणि डोक्याची पार रया गेली. मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. खांद्यावर सदा पांढरी भुकटी. काळे कपडे तिने कधीच बॅगेत बांधून टाकले होते. मीटिंगमध्ये कुणी मागे उभं राहिलं, की तिचं बोलणंच चुकायचं. शेवटी तिने घरी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर नोकरी सोडून परत येते. जीव रडकुंडीला आला होता पोरीचा.

बावधनच्या डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला. लावून जरा वेळ ठेवायचा, मग धुवायचा, आणि तेल बंद. हे ऐकून लीलाबाई हबकल्याच. "तेलाबिगर डोकं? डोकं हाय का खडक?" पण दर रविवारी सकाळी चुलीवर पाणी तापवून अंगणात समीक्षाला न्हाऊ घालायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. लेकीसारख्या पोरीने असं टक्कल घेऊन गावी जायचं म्हणजे काय, हा त्यांचा सवाल.

आता प्रश्न एवढाच, की कोंड्याला म्हणायचं काय? भुसा तर शोभेना. मग लीलाबाईंनी तोड काढली.

"आज ह्ये जास्ती दिसत्यात गं," पुढच्या रविवारी त्या भांगात बोट फिरवत म्हणाल्या.

"कोण?"

"ह्ये गं, ह्ये! डोक्यातले!"

नवऱ्याचं नाव लागलं म्हटल्यावर कोंड्यालाही मान आलाच की! शुभांगी हसून हसून बेजार झाली. समीक्षालाही पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा आपल्या डोक्याचं हसू आलं.

मग दर रविवारी तेच. "हाकललं तरी परत येऊन बसत्यात. सवयच हाय ह्यांची." किंवा, "कानामागं बघ कसे दडून बसलेत!" बोलता बोलता गाडी रूळ बदलायची. "एकदा भाजीत मीठ जास्त झालं, तर रुसून घोटावड्याला भावाकडं गेले. सांजच्याला हजर. म्हनले, तितं भाजी अळनी हाय." समीक्षाला कळायचंच नाही, की हे डोक्यातले की फोटोतले. ती फक्त "मग?" म्हणायची. मागून पाणी पडत राहायचं.

"मामंजी गेल्यापास्नं आत्याबाई घरात धड चार शब्द बोलत न्हाईत," शुभांगी एकदा जिन्यात हळूच म्हणाली. "म्हशीशी बोलत्यात, आन तुझ्या डोक्याशी."

औषध लागू पडलं. जाळीवरचा पुंजका बारीक होत गेला. दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी समीक्षाने काळा कुर्ता काढून घातला. आरशासमोर डोकं खसाखसा झटकलं. खांद्यावर एक कण नाही! आनंदाने तिचं भानच हरपलं. आता हिंगोलीला जायचं ते नुसता फराळ खायला. ती धडाधडा जिना उतरू लागली आणि वरूनच ओरडली,

"काकू! कोंडा गेला! काकू, कोंडा गेला!"

शुभांगीने जीभ चावली. लीलाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. पातेल्यातलं पाणी उकळत होतं. त्यांनी वळून समीक्षाच्या खांद्यांकडे बघितलं, कुर्त्याकडे बघितलं.

"गेला म्हनू न्हाई बाई," त्या हळूच म्हणाल्या. "गेले म्हनावं."

त्या हसल्या खऱ्या, पण हसू ओठावरच राहिलं. मग त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली. "बरं झालं. लई चांगलं झालं पोरी. म्हंजी आता पानी तापवायचं काय कारन न्हाई."

समीक्षाने मागे ओढलेल्या लाकडांकडे बघितलं. नोकरी राहिली, खोली राहिली, केस राहिले. आणि ह्या बाईचं नवऱ्याशी बोलायचं एवढं एक ठिकाण आपण ओरडत येऊन काढून घेतलं.

अंगणातला पाट तिने ओढला. त्यावर बसली, केस मोकळे सोडले आणि लीलाबाईंच्या पुढ्यात मान खाली घातली.

"नीट बघा ना काकू," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, हे कायमचे जात नसतात."