माहीत असेल तर

लॅपटॉपवरच्या सभेत अध्यक्षांनी सातवं कलम पुकारलं आणि त्याच वेळी पूनमसिंग राठोड गोदामात शिरला. हातात गुलाबी पावती, दाराशी उलटा लावलेला मेटॅडोर.

"बावीस पोते तूर, हाफिजभाई. लवकर सोडा. गाडीवाला थांबून हाये."

केबिनमध्ये बसलेल्या उमेरानं लॅपटॉपचा आवाज कमी केला. दिग्रसच्या घरी नेट धरत नव्हतं, म्हणून ती अब्बांच्या, हाफिजभाईंच्या, गोदामात येऊन बसली होती. पडद्यावर व्हिएन्नाचं सभागृह होतं, साठेक देशांची माणसं होती.

रोमच्या एका संस्थेत ती कायदा अधिकारी होती. महिनाभर घरी आली होती. व्हिएन्ना, रोम आणि हेग, तिन्हीकडे व्यापाराचे कायदे लिहिले जात. ते एकमेकांशी जुळवायचे, हे तिचं काम. गोदामाच्या पावतीला जगभर एकच कायदा असावा म्हणून ती दोन वर्षं झटत होती. सगळं जुळलं, अडलं ते सातव्या कलमापाशी. पावती आणणाऱ्याला माल दिला की गोदामवाला मोकळा, इथवर सगळे एक होते. रोमच्या मसुद्यात पुढे आणखी एक वाक्य होतं. माल दुसऱ्याचा आहे हे गोदामवाल्याला माहीत असेल, तर मात्र तो मोकळा नाही. व्हिएन्नाला ते वाक्य नको होतं. कुणाला काय माहीत होतं, हे कोर्टात उकरत कोण बसणार? बिचारे गोदामवाले हकनाक अडकतील. काल संध्याकाळी रोमनं माघार घेतली.

"अध्यक्ष हरकत विचारतील तेव्हा तू फक्त गप्प बसायचंस," रोमच्या संस्थेच्या संचालिकाबाईंनी तिला बजावलं होतं. पुढच्या महिन्यात तिच्या नोकरीचा करार संपत होता. तो वाढवायचा की नाही, हे बाईंच्याच हातात होतं.

हाफिजभाईंनी पावती उजेडात धरली, नंबर जुळवला आणि रामलाल हमालाला हाक मारली. एवढ्यात नंदाबाई धापा टाकत आत आली. पूनमसिंगची बायको. तांड्यावरून मिळेल त्या ऑटोनं निघालेली.

"देऊ नका, हाफिजभाई! तूर माह्या वावरातली हाये. माह्या बापानं देल्लेल्या वावरातली. पावती यानं माह्या पेटीतून काढली."

पूनमसिंगनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "पावतीवर कोनाचं नाव हाये का? नुसता नंबर हाये. जो आनन त्याले माल. तुमचाच नियम हाये ना?"

"तूर इकून जीप घेऊन राह्यला तो जुनी. पोरीच्या, रंजिताच्या, नर्सिंगसाठी ठेवली होती म्या तूर." नंदाबाई नवऱ्याशी नाही, हाफिजभाईंशीच बोलत होती. "मी अन् रंजिता आलो होतो पोते घेऊन. तुम्हीच चहा पाजला आमाले. आठवते ना?"

हाफिजभाईंना आठवत होतं. उमेराला त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. तीस वर्षं गोदाम चाललं होतं ते या एका नियमावर. भावाभावांची भांडणं, सासू-सुनांची भांडणं, सगळी त्यांनी दाराबाहेर ठेवली होती. ते केबिनच्या दाराशी आले. आवाज खाली आणून म्हणाले,

"म्या काही ऐकलंच नाई, बेटा. ऐकलं तर अडकतो मी. गोदामवाल्यानं काई ऐकाचंच नाई, तुम्ही लोकं बी तिकडं हेच लिहून राह्यले ना?"

अब्बांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि रामलालला मान हलवून खूण केली. रामलालनं थप्पीवरचं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. नंदाबाई नुसती त्या पोत्याकडे पाहत राहिली.

लॅपटॉपमधून अध्यक्षांचा संथ आवाज आला. "सातवं कलम, सुधारलेल्या रूपात. कुणाची हरकत?" दोन क्षण गेले. त्यांनी हातोडी उचलली. "मला कुणाचीच हरकत ऐकू येत नाही."

उमेराचं बोट माइकवर गेलं.

"हरकत आहे!"

ती मराठीत ओरडली होती, अख्ख्या गोदामात ऐकू जाईल अशी. व्हिएन्नात माना वर झाल्या. इकडे रामलाल पोत्यासकट मेटॅडोरपाशी थबकला. उमेरानं तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं. टेबलावरचा फोन थरथरला, त्यावर संचालिकाबाईंचं नाव होतं. तिनं तो पालथा घातला.

अध्यक्ष गोंधळले. "रोमनं तर कालच संमती कळवली आहे. मग ही हरकत कुणाच्या वतीनं नोंदवायची?"

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. हाफिजभाई तिच्याकडेच बघत उभे होते. मग ते वळले.

"पोतं खाली ठेव, रामलाल." त्यांनी पावती पूनमसिंगच्या हातात परत दिली. "हे तुह्याजवळच राहू दे. नंदाबाईले संग घेऊन ये, तवाच तूर हलन. तोवर नाई."

"कोर्टात खेचन तुमाले!"

"खेच," हाफिजभाई म्हणाले. नंदाबाई थप्पीला पाठ टेकून मटकन खाली बसली.

व्हिएन्नात अध्यक्ष अजून थांबले होते. त्यांनी पुन्हा विचारलं, कुणाच्या वतीनं?

"एका गोदामवाल्याच्या," उमेरा म्हणाली.