रुमण्यावर डिम्फना

फेलिमच्या खिशातला फोन वाजला आणि त्यानं घोड्यांचा लगाम सोडून दिला. "गाय व्यायला टेकली! वासराचे पाय दिसायला लागलेत!" एवढं ओरडून तो चिखल तुडवत गाडीकडे पळाला.

डिम्फना नांगराची दोन्ही रुमणी, म्हणजे मागच्या मुठी, धरून जागच्या जागी उभी राहिली. पुढे फेलिमचे दोन घोडे, त्यांच्यापुढे जवाच्या धसकटांचा पट्टा, आणि बांधावर अख्खं किलबॅरन गाव चहाचे कागदी पेले घेऊन उभं. नांगरटीच्या शर्यतीत घोड्यांच्या गटात दोनच नावं होती. दुसरा गडी त्याच्या पट्ट्यात केव्हाच निम्म्यावर गेला होता.

"घोडे धरायला माणूस नसेल तर सुरू करता येणार नाही, बाई," परीक्षक म्हणाले. "नवख्या नांगऱ्याला तसा नियम आहे."

डिम्फनानं बांधावर नजर फिरवली. थोरला भाऊ इग्नेशस तिथेच होता, चर्चला जायचे बूट घालून. तो आला होता सुनेची नांगरट बघायला. सून शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालवत होती. म्हणजे ट्रॅक्टर आपला आपणच चालला होता, वरून उपग्रह त्याला वाट दाखवत होता, आणि सून आत बसून सँडविच खात होती. मागे मातीत उमटणारी तासं मात्र दोरी लावल्यासारखी सरळ.

"इग्गी! ये इकडे. लगाम धर."

"मी? हे बूट बघितलेस का?"

"बघितले. ते घालूनच ये."

"अगं डिम, सत्तरी ओलांडलीस तू. तुझ्या वयाच्या बायका आत हॉलमध्ये केक कापतायत."

"कापू देत. तू येतोस का मी तिकडे येऊ?"

बांधावर हशा पिकला. "जा रे इग्नेशस, जा!" कुणीतरी ओरडलं. "ती तिकडं आली तर कान धरून नेईल!"

इग्नेशस घसरत, हात पसरून तोल सावरत खाली उतरला.

लहानपणी दोघांनी हेच काम केलं होतं, पण उलटं. तेव्हा घोड्यांपुढे चालायची ती आणि रुमण्यावर असायचा तो. पोरीनं रुमणं धरलं की तास वाकडं येतं, असं बाबा म्हणायचे, आणि वाकडं तास रस्त्यावरून साऱ्या गावाला दिसतं. डिम्फनानं कितीतरी रानं मागे वळून वळून बघत पार केली होती. माती पालथी होताना तिला दिसायची ती लांबून, घोड्यांच्या पायांमधून.

"त्या टोकाच्या काठीवर नजर ठेव," ती म्हणाली. "आणि रमतगमत चालू नकोस."

"मला शिकवतेस?"

"हो."

घोडे निघाले. फाळ जमिनीत शिरला आणि रुमणी तिच्या मुठीत धडधडायला लागली. मनगटं, कोपरं, खांदे, दातसुद्धा. उजव्या हाताला काळी माती सुटून कलंडत होती, ओली, चकचकीत, थेट तिच्या पायाशी. डिम्फनाला हसू फुटलं. ते इतकं मोठ्यानं फुटलं की इग्नेशसनं वळून पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही! पुढे बघ!"

पट्ट्याच्या मध्यावर फाळ दगडाला धडकला. रुमणं उसळून तिच्या बरगडीत बसलं आणि ती चिखलात आडवी झाली. इग्नेशसनं घोडे उभे केले आणि तो मागे धावत आला.

"पुरे झालं आता," तो म्हणाला. "हो बाजूला. उरलेलं मी नेतो." त्याचा हात सवयीनं रुमण्यावर गेलासुद्धा.

"हात काढ," ती गुडघ्यावर उठत म्हणाली.

"अगं लागलंय तुला."

"लागलंय. हात काढ. घोड्यांकडे जा."

इग्नेशस तिच्याकडे बघत राहिला. तिच्या केसांत धसकटं अडकली होती, अर्धा चेहरा काळा झाला होता. त्यानं हात उचलला. "थेट बाबांसारखी बोललीस," असं पुटपुटत तो पुढे गेला आणि त्यानं लगाम धरला.

मग दोघांनी पट्टा शेवटपर्यंत नेला. मागे कावळे तासात उतरून गांडुळं टिपत होते.

परीक्षक मोजपट्टी घेऊन तासाच्या कडेनं चालत आले. मध्यावर ते थबकले. तिथं तास फुगून बाहेर आलं होतं.

"हे इथं काय झालं?"

"इथं मी पडले."

"आणि हे पुढे?"

"इथं उठले."

परीक्षकांनी मान खाली घालून लिहिल्यासारखं केलं, पण त्यांचे खांदे हसून हलत होते. दोघांत दुसरा नंबर. बांधावरच्यांनी टाळ्या अशा वाजवल्या की पहिला आलेला गडीही बावरला. त्यातच कुणीतरी फोन उंचावून ओरडलं, "फेलिमकडे कालवड झाली!" मग टाळ्या परत सुरू झाल्या.

इग्नेशस चहाचे दोन पेले घेऊन आला. बूट ओळखू येत नव्हते. डिम्फनानं पेला हातात घेतला तसा चहा हिंदकळून तिच्या बाहीवर सांडला. दुसऱ्या हातात घेतला, तर तिथंही तेच.

"थंडी वाजतेय?"

"नाही रे." ती आपल्या हातांकडे बघत होती. "रुमणी सोडली, तरी हात थांबायला तयार नाहीत बघ."

इग्नेशसनं दोन्ही पेले आपल्या गाडीच्या टपावर ठेवले आणि तिचे हात आपल्या तळव्यांत धरले. ती बारीक थरथर त्याच्याही हातांत उतरली. शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर कोपऱ्यावर अलगद वळला. तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"हे मी पार विसरूनच गेलो होतो," तो म्हणाला.

"किती वेळ राहतं हे?"

"सकाळपर्यंत. मला तर रात्रभर अंथरुणातसुद्धा नांगर चालल्यासारखं वाटायचं."

"राहू दे मग," डिम्फना म्हणाली. "तू चहा तेवढा पाज."