डेझीची घंटा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या शाळेच्या फाटकाशी मुख्याध्यापक क्रूगर स्वतः उभे होते. पाहुण्या संघाबरोबर आलेल्या आर्लिसच्या हातातली घंटा पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"आवाज करणारी कुठलीच वस्तू आत न्यायची नाही, बाई. बोर्ड वाचता येतो ना?"

"आमच्या मेलेल्या गायीची आहे हो, डेझीची. आज माझ्या नेल्सची शाळेतली शेवटची फुटबॉल मॅच, म्हणून आणली."

"मग तोंडाने ओरडा. ही शाळा आहे, गोठा नाही!"

लोलक तुटल्यावर आर्लिसच्या नवऱ्याने त्या घंटेत ट्रॅक्टरचा बोल्ट बांधला होता. तेव्हापासून ती किणकिणायची नाही, फुटक्या पातेल्यासारखी खडखडायची. क्रूगरसाहेबांनी ती शेण लागल्यासारखी दोन बोटांत धरली आणि जप्तीच्या खोक्यात टाकली. आर्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण लेकाच्या मॅचला तमाशा नको म्हणून ती पाहुण्यांच्या बाकांवर जाऊन बसली.

हातात चेंडू धरून पळायच्या त्या अमेरिकन फुटबॉलचं शेवटचं मिनिट. दोन्ही संघ बरोबरीत. चेंडू मागे आपल्या हातात कधी द्यायचा ते नेल्स आपल्या संघातल्या पोरांना ओरडून सांगू लागला, आणि त्याच क्षणी यजमानांच्या बाकांवरून असा गदारोळ उठला की त्याचा शब्द कुणालाच ऐकू जाईना. चेंडू नेल्सच्या हातातून निसटला. यजमानांनी तो उचलून पळवला आणि मॅच खिशात घातली.

त्या गदारोळात काहीतरी फुटक्या पातेल्यासारखं खडखडत होतं. आर्लिसने समोर पाहिलं.



बाकावर चढून क्रूगरसाहेब दोन्ही हातांनी डेझीची घंटा बडवत होते.